पेटीवरच्या बाईचे डोळे

त्याने ब्रश तिच्या चहात बुडवला, दोनदा खळखळवला, कपाच्या काठावर निथळून घेतला आणि पुन्हा मान खाली घालून रंगवायला लागला. चहात निळ्या रंगाची एक रेघ पसरत गेली. आता याला सांगावं की गप्प बसावं, असा विचार ती करत होती, तोवर त्याने ब्रश तिसऱ्यांदा बुडवला.

"तो माझा चहा आहे," ती म्हणाली.

त्याने कपाकडे पाहिलं, मग ब्रशकडे, मग तिच्याकडे. बिचाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला वाटलं, ब्रश धुवायचं पाणी आहे... वाफ येत नव्हती ना. आणि अगदी काठोकाठ भरलेला. अर्धा तास झाला, कुणी हातसुद्धा लावला नाही."

"माझं लक्ष नव्हतं."

"मग बरंच झालं मी बुडवला ते. नाहीतर गार चहा प्यावा लागला असता तुम्हाला."

तिला हसू आलं. हसता हसताच तिने उजवा हात टेबलाखाली नेला आणि मांडीवर दाबून धरला.

लक्ष नव्हतं ही शुद्ध थाप होती. अर्धा तास तिचं सगळं लक्ष त्या चहाकडेच होतं. काठोकाठ भरलेला कप उचलायचा आणि बशीत एक थेंब न सांडता ओठांपर्यंत न्यायचा, एवढं साधं काम चार माणसांत करायची तिची हिंमत होत नव्हती. गेले चार महिने तिचा उजवा हात थरथरत होता. सकाळी जास्त, दुपारी कमी आणि कुणी बघत असलं की सगळ्यात जास्त. हे तिने अजून कुणालाही सांगितलं नव्हतं.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दरवर्षी महिनाभर छोटे पुतळे रंगवायचं चॅलेंज चाले. ते चालवणाऱ्या बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. जन्मभर मुलांकडून नकाशे रंगवून घेतले, आता मोठ्यांकडून माणसं रंगवून घेत होत्या. पहिल्या शनिवारी प्रत्येकाला अंगठ्याएवढा एक कोरा, करडा पुतळा मिळे. तो तीन शनिवार एकत्र बसून रंगवायचा आणि चौथ्या शनिवारी सगळी बोटभर माणसं खालच्या वाचनालयाच्या खिडकीत मांडायची. बक्षीस वगैरे काही नाही. नियम मात्र एकच आणि कडक होता. आपल्या पुतळ्याचे डोळे आपण रंगवायचे नाहीत. दुसऱ्या शनिवारी चिठ्ठ्या काढून जोड्या लावल्या जात आणि जोडीदारांनी एकमेकांच्या पुतळ्यांना डोळे द्यायचे. बाईंचं म्हणणं असं की, एकाच तोंडाकडे टक लावून बसलं की त्यात काय चुकलंय ते दिसेनासं होतं, म्हणून डोळे दुसऱ्याने द्यावेत.

डोळा म्हणजे तरी काय, मोहरीहून लहान पांढरा ठिपका आणि त्याच्या आत त्याहून लहान काळा ठिपका. हात केसभर हलला की माणूस तिरळा तरी होतो नाहीतर भेदरलेला तरी दिसतो.

दात बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला होती. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळावा म्हणून नव्या दातावर पिवळट, करड्या छटा भरायच्या, हे तिचं काम. हॉलमध्ये सगळे तिला दातवाली म्हणायला लागले आणि हिच्याकडे ज्याचा पुतळा जाईल त्याचं नशीब, असं पहिल्याच दिवशी ठरून गेलं. ती हसून गप्प बसली. इथे यायचं तिचं कारण निराळंच होतं. हे डोळे जमले तर हाताला काही झालेलं नाही, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. डॉक्टरकडे जाण्यापेक्षा ही परीक्षा तिला बरी वाटली. डॉक्टरांच्या तारखेचं कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं. त्यावरची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली होती.

भीती उगाच नव्हती. तिचे बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस. मग त्यांचा हात थरथरायला लागला आणि थरथरतच राहिला. आता आई रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि ती दाराआडून ते बघायची. एक एक बटण ती मनात मोजायची. उद्या माझी बटणं कोण लावणार... आणि जो लावेल, त्याला त्याचा कंटाळा किती दिवसांनी येणार?

दुसऱ्या शनिवारी चिठ्ठ्या निघाल्या. चहात ब्रश बुडवणाऱ्याच्या नावापुढे तिचंच नाव आलं. हा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला हॉलमध्ये लिफ्टवाला म्हणत आणि त्याला ते आवडतही असावं. रंगकामात तो अगदीच कच्चा होता. त्याच्या वाट्याला आली होती प्रवासाच्या पेटीवर बसून कुणाची तरी वाट बघणारी एक बाई. तिच्या साडीवर त्याने रंगाचे इतके थर चढवले होते की बाई भर उन्हाळ्यात रजई गुंडाळून बसल्यासारखी दिसत होती. दातवालीच्या वाट्याला हातात कंदील घेतलेला एक पहारेकरी आला होता.

"म्हणजे माझ्या बाईला डोळे तुम्ही देणार," तो म्हणाला. "आणि तुमच्या कंदीलवाल्याला मी. सौदा तुमच्या तोट्याचा आहे."

"तिरळा नका करू म्हणजे झालं."

"शब्द देत नाही." मग त्याने खिशातून कागदाची एक पट्टी काढली, तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि ती तिच्या कपाला चिकटवली. 'हा चहा आहे' असं त्यावर लिहिलेलं होतं. "माझ्यासाठी लावतोय," तो म्हणाला. "माझा माझ्यावर भरवसा नाही."

तो दिवस छान गेला, हे तिला कबूल करावं लागलं. तो बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की हा आधी दाराशी जाऊन बोलायला लागायचा, दार नंतर उघडायचा. एकदा एका आजोबांशी पाऊण तास फक्त दाढीच्या साबणांबद्दल बोलला होता. दार उघडलं तरी आजोबा बाहेर येईनात, त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. ती खळखळून हसली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. तिला ते आवडलं आणि लगेच भीती वाटली. हा माणूस जवळ आला तर त्याला हात दिसणार होता. चहाचा कप त्या दिवशीही भरलेलाच परत गेला.

तिसऱ्या शनिवारी पुतळ्यांची अदलाबदल झाली, आणि बोलता बोलता तो कधी 'तू' वर आला ते दोघांनाही कळलं नाही. म्हणजे तिला कळलं, तिने कळू दिलं नाही. डोळे इथेच बसून रंगवूया, असं त्याने सुचवलं. तिने घाईघाईने सांगितलं की तिला घरचा दिवा लागतो, घरचं भिंग लागतं, इथे जमायचं नाही. तो एवढंच म्हणाला, "बरं." पेटीवरची बाई रुमालात गुंडाळून त्याने तिच्या डाव्या हातावर ठेवली. उजवा तिच्या जॅकेटच्या खिशात होता.

घरी तिने लॅबची पद्धत वापरली. पुतळा छोट्या स्टँडला घट्ट आवळला, कोपर टेबलावर रोवलं आणि श्वास धरून ब्रश टेकवला. पांढरा ठिपका गालावर गेला. पुसला. दुसरा भुवईवर गेला. पुसला. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तेच. कोपर जितकं जास्त दाबावं तितका हात जास्त हलायचा, आणि हलतोय असं दिसलं की भीती वाटायची, आणि भीती वाटली की आणखी हलायचा. गुरुवारी लॅबमध्ये एका दाताची छटा बिघडली. ती तिने कुणाच्या लक्षात यायच्या आत धुऊन पुन्हा भरली. नोकरी जाईल, हा विचार पहिल्यांदाच इतका स्पष्ट आला.

शुक्रवारी संध्याकाळी तिने शेवटची पळवाट काढली. पेटीवरच्या बाईच्या डोळ्यांवर तिने कातडीचा रंग भरला आणि खाली एक तपकिरी रेघ ओढली. रेघ थरथरली, पण पापण्यांना ते चालून गेलं. बाईने डोळे मिटले. ब्रश खाली ठेवून ती रडली.

दाराशी बाबा उभे होते. ते कधी आले होते कोण जाणे. त्यांनी स्टँडकडे पाहिलं, पुसून पुसून रंगाने माखलेल्या कापसाच्या ढिगाकडे पाहिलं आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"किती दिवस झाले?"

तिने चार महिने असं सांगितलं. सांगताना तिला वाटलं, आता बाबा कोसळतील. ते कोसळले नाहीत.

"मी सहा वर्षं लपवलं," ते म्हणाले. "उन्हाची सबब सांगायचो, ब्रशची सांगायचो. शेवटी एका दवाखान्याची पाटी इतकी बिघडली, तेव्हा बोललो. तर तुझी आई म्हणाली, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." मग ते म्हणाले, "हात गेल्याचं वाईट वाटतं, पण सवय होते. त्या सहा वर्षांचं मात्र अजून वाईट वाटतं."

आतून आईने विचारलं, काय चाललंय बापलेकीचं. बाबा म्हणाले, तुझी चहाडी. आई म्हणाली, मग चालू द्या. ती ऐकत होती. इतके दिवस दाराआडून तिने फक्त बटणं पाहिली होती. बटणं लावताना ही दोघं एकमेकांशी काय बोलतात, ते तिने कधी ऐकलंच नव्हतं.

चौथ्या शनिवारी खिडकीत मांडायला पुतळे एकेक करून पुढे येत होते. लिफ्टवाल्याने कंदीलवाला टेबलावर ठेवला. पहारेकरी चक्क उजवीकडे बघत होता, दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून. "तिरळा नाहीये," तो ती काही बोलायच्या आधीच म्हणाला. "मुद्दाम केलाय. उजव्या बाजूला माझी बाई बसणार ना. तो तिच्याकडे बघतोय." आणि मग तिच्या रुमालाकडे बघत, "तू काय केलंस बघू?"

तिने रुमाल उलगडला. त्याने पेटीवरची बाई हातात घेतली आणि प्रकाशात धरली. भूगोलाच्या बाईंनी चष्मा खाली ओढून पाहिलं. वाट बघणारं माणूस डोळे मिटून बसत नाही, असं त्या म्हणाल्या. पण काम ज्याचं त्याचं, असंही म्हणाल्या, आणि बाकीचे पुतळे ट्रेमध्ये घेऊन मंडळींसकट खाली खिडकी सजवायला गेल्या. जाताना, तुमचे दोन घेऊन या पाच वाजेपर्यंत, असं सांगून गेल्या.

हॉल रिकामा झाला. टेबलावर पाण्याची भांडी, रंगाच्या डागांचे कागद आणि तिचा कप, काठोकाठ भरलेला. तिला पळून जावंसं वाटत होतं. दार सात पावलांवर होतं, तिने मोजलंसुद्धा. मग तिने उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर, त्याच्यासमोर ठेवला.

हात थरथरत होता. तिने थांबवायचा प्रयत्न केला नाही.

"हे असं आहे," ती म्हणाली. "बाबांचंही असंच आहे. त्यांना आता बटणं लावता येत नाहीत. मला खूप भीती वाटते... रोज. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी हाताकडे लक्ष देते, हलतोय का म्हणून. तुझ्या बाईचे डोळे मला जमले नाहीत. म्हणून मिटले."

त्याने त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"चहापासून. अडकलेली माणसं लिफ्टमधून बाहेर येतात ना, ती हात खिशात घालून येतात. थरथरत असतात, दिसू नये म्हणून."

"मग विचारलं का नाहीस?"

"घाबरलात का, असं आतल्या माणसाला विचारायचं नसतं. आपण बोलत राहायचं. त्याला वाटलं की तो सांगतो." त्याने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी येऊन बसला. "आणि भीतीचं म्हणशील तर मला रोज वाटते. आठ वर्षं झाली, तरी लिफ्टच्या शाफ्टमध्ये, त्या अंधाऱ्या विहिरीत उतरताना वाटतेच. म्हणून तर दोर दोनदा तपासतो."

त्याने बाईकडे निरखून पाहिलं. "हे स्टँडला लावून केलंस ना?"

"लॅबमध्ये तसंच करतात."

"म्हणूनच. स्टँड हलत नाही, तुझा हात हलतो. बाईंनी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं की पुतळा हातात धरा आणि मनगटाला मनगट टेकवा. हलले तर दोन्ही हात बरोबरच हलतात, ब्रशची जागा चुकत नाही. तू ऐकत नव्हतीस. चहाकडे बघत होतीस."

खरंच ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तरी, मी रोज दात रंगवणारी, मला काय शिकवता, असं मनात म्हणाली असती. तिने बाई हातात घेतली. "मग डाव्या हातात धरते."

"धर की," तो म्हणाला. मग खिडकीकडे बघत, अगदी सहज म्हटल्यासारखा म्हणाला, "माझाही डावा हात रिकामाच आहे... म्हणजे, सांगून ठेवलं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. तिने बाई त्याच्या हातात दिली.

त्याने पुतळा दोन बोटांत धरला, तिने आपलं मनगट त्याच्या मनगटाला टेकवलं. त्याचा हात गरम होता, बोटांच्या पेरांत ग्रीसचा जुना काळेपणा होता. ब्रशच्या टोकावर पांढरा रंग. तिचा हात थरथरला, आणि त्याच्याबरोबर त्याचाही. ब्रश हलला, बाई हलली, पण दोघं मिळून हलली. ठिपका पडला, बरोबर जागेवर. तिने श्वास सोडला. दुसरा पडला. मग काळा.

"आता कुणाचा हात हलतोय?" तिने विचारलं. "माझा थांबलाय असं वाटतं."

"माझा," तो म्हणाला. "मघापासून माझाच हलतोय."

दोन्ही काळे ठिपके तिने डाव्या बाजूला जरा सरकवून दिले होते. पेटीवरच्या बाईने डोळे उघडले आणि तिरक्या नजरेने कंदीलवाल्याकडे पाहिलं. एक डोळा दुसऱ्याहून थोडा मोठा झाला होता. तिने पुसला नाही. मनगटंही कुणी बाजूला घेतली नाहीत.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "म्हणजे... चांगलं बोलता आलं असतं तर चांगलं बोललो असतो. आवडतेस, एवढंच."

तिला वाटलेला आनंद भीतीपेक्षा मोठा नव्हता, पण भीतीच्या शेजारी बसण्याइतका होता. "मलाही आवडतोस," ती म्हणाली, आणि लगेच, धीर जायच्या आत म्हणाली, "पण दहा वर्षांनी मला बटणं लावता आली नाहीत तर?"

तो विचार करत राहिला. पटकन उत्तर दिलं नाही, हे तिला बरं वाटलं.

"दहा वर्षांचं मला सांगता येणार नाही. लिफ्टचीसुद्धा मी पुढच्या तपासणीपर्यंतचीच हमी देतो. तपासणी झाली की पुढची. तशाच पंधरा-पंधरा वर्षं चालतात." मग त्याने विचारलं, "तुझी तपासणी कधी आहे?"

तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून कार्ड काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. बुधवार, सकाळी अकरा.

बुधवारी डॉक्टरांनी तिला कागदावर गोल गोल काढायला लावले, हात लांब करायला लावले, बाबांबद्दल खूप काही विचारलं. आजार बाबांचाच आहे, असं ते म्हणाले. हे ऐकायची भीती तिने चार महिने उराशी बाळगली होती, आणि ऐकल्यावरही ती खुर्चीत बसूनच होती, तेच डॉक्टर, तीच खिडकी. जिवाला धोका नाही, डॉक्टर पुढे सांगत होते. गोळी घेतली की थरथर बरीच कमी होईल, काम करता येईल. मात्र वाढणार नाही असं सांगता येत नाही. दर सहा महिन्यांनी यायचं.

ती बाहेर आली. बरोबर आलेला लिफ्टवाला बाहेरच्या बाकावर नव्हता. एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, तिला वाटलं, तो निघून गेला. मग तो जिन्याच्या बाजूने येताना दिसला, दोन्ही हातांत एक एक कप धरून, अगदी सावकाश. आल्या आल्या बोलायला लागला. इथली लिफ्ट फार खडखड करते, खालच्या चहावाल्याला त्याने सांगून ठेवलंय, कुणीतरी बघायला हवं...

"बाबांचंच आहे," ती म्हणाली. "हलत राहील. गोळीने कमी होईल."

"बरं," तो म्हणाला. आवाज जरा चिरकला, पण तो म्हणाला. "पुढची तपासणी?"

"सहा महिन्यांनी."

त्याने मान हलवली आणि एक कप तिच्यापुढे धरला. तिने आत पाहिलं. कप अर्धाच भरलेला होता. तिने त्याच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. त्याचा स्वतःचाही अर्धाच होता.

बाकांवर दहा-बारा माणसं बसली होती, सगळी तिच्याकडेच बघत होती किंवा तिला तसं वाटलं. तिने उजवा हात पुढे केला. कप हलला, चहा आतल्या आत हिंदकळला, काठापर्यंत आला आणि परत गेला. तिने तो ओठांना लावला.

चहा गरम होता.